गमऱ्यांचा रुपया

उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा चिंतामणी दाबक्यांना पहिल्यांदा दिसली ती दवाखान्यातली भिंत. ती पांढरी होती. इतकी पांढरी भिंत त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

"नवा रंग दिलात वाटतं?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"भिंत तीच आहे आजोबा. तुमच्या डोळ्यातली काच बदलली. मोतीबिंदू पिकला की सगळंच पिवळट होत जातं. हळूहळू होतं, त्यामुळे माणसाला कळत नाही. डावा डोळा आपण पुढच्या महिन्यात करू."

परळहून टॅक्सीनं गिरगावात घरी आले. दार उघडायला सुनेत्राबाई आल्या. दाबके उंबऱ्यातच थांबले.

"हे निळं पातळ कधी घेतलंस?"

"सहा वर्षं झाली. आपल्या नूपुरच्या लग्नात नेसले होते. राखाडी रंग शोभतो म्हणाला होतात."

"मग तेव्हा बोलली नाहीस ते?"

"तुमच्याशी रंगावरून कोण वाद घालणार? परीक्षक ना तुम्ही."

दोघंही हसली. दाबके दिवसभर घरात फिरून एकेक वस्तू बघत होते. चहाची कपबशी, कॅलेंडर, स्वतःचे हात. हात अपेक्षेपेक्षा म्हातारे निघाले. तेही त्यांनी हसत हसत सुनेत्राबाईंना दाखवले.

दाबके चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. अडतीस वर्षं त्यांनी विमा कंपनीत कारकुनी केली. त्या नोकरीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, असं ते स्वतःच म्हणत. सांगण्यासारखी गोष्ट एकच होती. त्यांना नाणं कळायचं.

नाण्यांचा संग्रह त्यांच्याकडे फारसा नव्हता. परवडलाही नसता. पण जुन्या नाण्याची प्रत ठरवायची म्हणजे दाबक्यांनी, हे दादरच्या नाणेसंग्राहकांच्या मंडळात ठरलेलं होतं. एका शाळेच्या मागच्या वर्गात दर रविवारी सकाळी चाळीसेक नाणेवाले जमत. एका बाकावर घडी घातलेला पंचा, डाव्या हाताला साधा पिवळा दिवा, एक भिंग. दाबके नाणं कडेनं धरत. मध्ये बोट लावू देत नसत. ही सवय त्यांना लहानपणी खोताच्या वाडीतल्या, नाणी जमवणाऱ्या डिमेलो अंकलनी लावली होती, बोटावर पट्टी मारून. मग ते नाणं दिव्याखाली हळूच कलवत. टांकसाळीतून आलेलं, हातात न फिरलेलं नाणं असेल तर उजेड त्याच्यावर चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. दाबके त्याला फिरकी म्हणत. फिरकी बघून झाली की ते उंचवटे बघत. राजाचा गाल, कान, मुकुटातले मोती. नाणं पहिल्यांदा झिजतं ते तिथं. मग शेवटी रंग. चांदीवर काळानं चढणारा रंग खरा आहे की कुणी फासलाय की कुणी घासून काढलाय, हे सगळ्यात अवघड. तेच दाबक्यांना सगळ्यात चांगलं जमायचं.

मग ते एका छोट्या पांढऱ्या पाकिटावर शाईनं प्रत लिहीत. झिजलेलं, बरं, उत्तम, जवळपास कोरं, कोरं. खाली सही. दुकानदार इंग्रजी अक्षरांत प्रत सांगायचे, पण दाबक्यांचं पाकीट असलं की कुणी दुसरं काही विचारत नसे. एकदा लिहिलेली प्रत त्यांनी कधी बदलली नव्हती. ओळखीच्यांसाठी तर नाहीच. यावरून एक-दोघांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. दाबक्यांना त्याचं वाईट वाटायचं आणि थोडा अभिमानही वाटायचा.

बाबुराव गमऱ्यांनी बोलणं टाकलं नाही. बाबुराव बेस्टच्या वर्कशॉपात फिटर होते, राहायला डिलाईल रोडच्या चाळीत. तीस वर्षं ते आणि दाबके एका बाकावर बसले. मंडळ सुटलं की दोघं कोपऱ्यावर उभ्यानं चहा प्यायचे. बाबुराव फार बोलत नसत. बोलले तर एकदाच बोलत.

सात वर्षांपूर्वी बाबुरावांची आई वारली. तिच्या सामानात सासूची एक जुनी गोधडी होती. ती फाटली होती म्हणून कमलाबाईंनी, बाबुरावांच्या बायकोनं, उसवायला घेतली. आत मांजरपाटाच्या तुकड्यात गुंडाळून शिवलेला एक रुपया निघाला. पंचम जॉर्जचा, १९१९चा. घरात गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली होती, खरी कुणाला वाटली नव्हती. बाबुरावांचे वडील सखाराम पंधराव्या वर्षी कोकणातून येऊन गिरणीत लागले. पहिल्या पगारातला एक रुपया आणि गिरणीच्या कापडाचा एक तुकडा त्यांनी गावी आईला पाठवला. आईनं तो रुपया मोडला नाही. पोराच्या पहिल्या घामाचा म्हणून शिवून टाकला.

१९१९चे रुपये बाजारात पोत्यानं मिळतात. त्या सालाला किंमत नाही. असलीच तर ती प्रतीला. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात काचेच्या पेटीत फक्त 'कोरं' नाणं लागायचं आणि पेटीत नाण्यासमोर एक कार्ड असायचं. बाबुरावांना ते कार्ड हवं होतं. मुलीकडून, संघमित्राकडून, त्यांनी ते आधीच सुंदर अक्षरात लिहून घेतलं होतं : 'संग्रह : कालकथित सखाराम भिवा गमरे, विणकर, डिलाईल रोड.'

त्या रविवारी रुपया दाबक्यांच्या पंच्यावर आला तेव्हा बाकाभोवती दहा-बारा जण गोळा झाले होते.

"झीज नाही," दाबके म्हणाले. "गाल बघा, मोती बघा. हा फिरलेलाच नाही. पण बाबुराव, डाग केवढा पडलाय."

"डाग कुठला?"

"हा काय. कडेपासून पार मानेपर्यंत. काळा."

"काळा नाही हो," बाबुराव म्हणाले. "निळा आहे. मोराच्या मानेसारखा. कडेला जांभळा पण आहे जरा."

दाबक्यांनी भिंग खाली ठेवलं. "स्वतःचं नाणं सगळ्यांनाच रंगीत दिसतं, बाबुराव."

सगळे हसले. बाबुरावही थोडे हसले.

जुनं नाणं धुवायचं नाही, हा दाबक्यांचा पहिला नियम होता. नव्या माणसाला ते आधी हेच सांगत. पण हा डाग चांदी खाईल अशी त्यांची खात्री झाली होती आणि डाग गेला तर नाणं कोरं ठरेल असंही त्यांना वाटत होतं. मित्रासाठी त्यांनी नियम मोडला. पुढच्या आठवड्यात बाबुराव गिरगावात आले. मोरीपाशी एका वाटीत नाणी धुवायचं औषध होतं. दाबक्यांनी रुपया दहा आकडे मोजेपर्यंत बुडवला, काढला, पाण्याखाली धरला.

"झाला की पांढरा," बाबुराव म्हणाले.

"अजून पिवळट आहे."

दुसऱ्यांदा बुडवला. तिसऱ्यांदा जरा जास्त वेळ. बाबुराव हातात टॉवेल घेऊन उभे होते. ते पुन्हा काही बोलले नाहीत.

वाळल्यावर दाबक्यांनी तो दिव्याखाली धरला. फिरकी अर्धीच उठत होती. त्यांना वाईट वाटलं, पण पाकिटावर त्यांनी जे दिसलं तेच लिहिलं : जवळपास कोरं. चिं. ग. दाबके.

बाबुरावांनी ते वाचलं, "बरं" म्हणाले आणि पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं. रविवारी ते येत राहिले. चहा होत राहिला. रुपया त्यांनी परत कधी काढला नाही. दोन वर्षांनी बाबुराव गेले. चैत्यभूमीजवळच्या स्मशानात दाबके गेले होते. घरी येऊन ते दोन दिवस जेवले नव्हते.

पट्टी निघाल्याच्या आठव्या दिवशी संघमित्रा गिरगावात आली. मराठीत एमए करून ती एका कॉलेजात तासांवर शिकवत होती. येताना खजुराचा डबा आणला होता.

"कसा आहे डोळा, काका?"

"एक एकदम नवा, एक अजून जुना. तुझा ड्रेस या डोळ्यानं पोपटी दिसतो आणि या डोळ्यानं शेवाळलेला."

"पोपटीच आहे. चारशेचा आहे, शेवाळलेला म्हणू नका." तिनं पर्समधून छोटं पाकीट काढलं. "काका, एक काम होतं. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे ना. आईला फार वाटतं, आजोबांचा रुपया एकदा पेटीत लागावा. तिला हल्ली बरं नसतं. तुमचा डोळा झाला असं कळलं. म्हटलं, नव्या डोळ्यानं रुपया एखादी पायरी वर गेला तर बघावं."

"प्रत मी बदलत नाही, माहितीये ना तुला?"

"माहितीये. बाबा सांगायचे. पण बघायला काय हरकत आहे?"

दाबक्यांनी पंचा पसरला. पाकिटावर त्यांचंच अक्षर होतं. रुपया त्यांनी कडेनं धरून दिव्याखाली कलवला. उजेड फिरला नाही. नाण्यावर तो चुना लावल्यासारखा बसून राहिला. रंग नव्हता, तेज नव्हतं. पानाफुलांच्या वेलीच्या खाचांतसुद्धा काही उरलं नव्हतं. असं नाणं त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा बाजूला सारलं होतं आणि दर वेळी एकच प्रश्न विचारला होता. तो आताही तोंडातून गेला.

"कोणी धुतलं हे?"

संघमित्रा गोंधळली. "तुम्हीच, काका."

दाबक्यांनी पाकिटावरचं आपलं अक्षर पुन्हा पाहिलं.

"इथंच की. बाबा आले होते ना. थांबा, माझ्याकडे आधीचा फोटो आहे." तिनं फोनमध्ये बराच वेळ मागे मागे जाऊन एक फोटो काढला. "गोधडीतून निघाला त्या दिवशीचा. स्टेटसला ठेवला होता."

दाबक्यांनी फोन हातात घेतला. राजाच्या मुकुटामागून एक निळी कड सुरू होत होती. मानेपर्यंत येता येता ती जांभळी होत होती आणि गालाजवळ सोनेरी होऊन विरत होती. रंगाखालून उजेड जिवंत दिसत होता. साध्या सालाच्या रुपयावर असा रंग त्यांनी पन्नास वर्षांत दोनदा पाहिला होता. गिरणीच्या कोऱ्या कापडात, खळीत, अंधारात शंभर वर्षं पडून राहिल्यावर तो चढला होता.

त्यांनी उजवा डोळा हातानं झाकला. जुन्या, डाव्या डोळ्यानं पाहिलं. काळा डाग. कडेपासून मानेपर्यंत.

हात काढला. निळा.

परत झाकला.

"काका, काय झालं? पाणी आणू?"

"नको. रुपया राहू दे माझ्याकडे. दोन दिवस."

"म्हणजे चान्स आहे?"

"दोन दिवसांनी सांगतो."

ती जाताना आनंदात होती, हे दाबक्यांना जिन्यावरच्या तिच्या पावलांवरून कळलं. सुनेत्राबाईंनी विचारलं तेव्हा ते डोकं दुखतंय म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले. आपल्याला कधीपासून चुकीचं दिसत होतं, हे ते ठरवायला लागले. नूपुरच्या लग्नात राखाडी दिसलं, म्हणजे त्याच्या आधीपासून. किती आधी? कुठल्या रविवारपासून? असा एक रविवार नव्हताच. पाकिटं शेकड्यानं लोकांच्या कपाटात होती. पण त्या दिवशी त्यांना बाकीच्या पाकिटांचं काही वाटलं नाही. वाटीवर वाकलेले आपण आणि टॉवेल धरून उभे बाबुराव, एवढंच पुन्हा पुन्हा दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते हर्षवर्धनकडे गेले. हर्षवर्धन मंडळाचा सेक्रेटरी. हिंदमाताला त्याचं साड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक नव्हतं. गादीवर बसून दाबक्यांनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "तू होतास ना त्या रविवारी? तुला काय दिसलं होतं?"

हर्षवर्धननं समोरची साडी उगाच घडी केली. "खरं सांगू काका? निळा."

"मग बोलला का नाहीस?"

"जन्म साड्यांत गेला माझा, मला निळा कळत नाही होय? पण तुम्ही काळा म्हणालात. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. मग मलाही काळपट दिसायला लागला. शप्पथ."

हर्षवर्धननं साडी बाजूला ठेवली.

"आता एवढं मनाला लावून घेऊ नका हो. माणूस गेला, नाणं धुतलं गेलं, आता काय करणार? मी सांगतो ते ऐका. नवं पाकीट घ्या आणि 'कोरं' लिहा. मी पेटीत लावतो. कार्ड लावतो. कमलाताईंना गाडीनं आणतो. फोटो काढू. त्या खूश, पोरगी खूश."

"ते कोरं नाहीये."

"तुमचं पाकीट असल्यावर कोण उचलून बघणार आहे?"

हे खरं होतं. ते खरं आहे म्हणूनच दाबक्यांना बसवेना. पण घरी येऊन त्यांनी नवं पाकीट काढलं. दौत उघडली. 'कोरं' लिहिलं. सही केली. सुनेत्राबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी वाचलं.

"अगंबाई, वर गेला की रुपया. बाबुरावांना किती बरं वाटलं असतं."

"हो," दाबके म्हणाले.

चहा तसाच राहिला. थोड्या वेळानं त्यांनी ते पाकीट फाडलं आणि तुकडे शर्टाच्या खिशात ठेवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते डिलाईल रोडला गेले. सोबत रुपया, एक काही न लिहिलेलं पाकीट आणि पेन. चाळीचा जिना त्यांच्या ओळखीचा होता. कमलाबाई दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. पाय सुजलेले होते.

"या दाबकेभाऊ. संघू, भाऊ आलेत गं." मग त्यांच्याकडे निरखून बघत, "डोळा चांगला दिसतो की. आम्हाला ओळखलंत म्हणजे झालं."

"ओळखलं वहिनी."

संघमित्रा आतून ओढणीला हात पुसत आली. तिनं आधी त्यांच्या हाताकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

वाटेत दाबक्यांनी काय बोलायचं ते ठरवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. ते म्हणाले, "वहिनी, तो रुपया मी खराब केला. बाबुराव निळा म्हणत होते. तो निळाच होता. माझ्या डोळ्यांत दोष होता. मला काळा दिसला आणि मी धुतला. तीनदा धुतला. असा रुपया परत मिळणार नाही. धुतला नसता तर तो पेटीत लागला असता. सगळ्यात पुढे लागला असता."

बाहेर गॅलरीत कुणाचा तरी कुकर वाजत होता. कमलाबाईंनी तो थांबू दिला.

"मला ठाऊक आहे," कमलाबाई म्हणाल्या.

"काय?"

"त्या दिवशी तुमच्याकडनं ते घरी आले. रुपया फळीवर ठेवला. म्हणाले, गेला गं. मी बघितला, तर पांढराफटक. मी म्हटलं, अहो, मग तिथंच सांगायचं ना त्यांना. तर म्हणाले, दोनदा सांगितलं."

दाबक्यांनी मान खाली घातली.

"मी म्हटलं, तिसऱ्यांदा सांगायचं. हात धरायचा. तर म्हणाले, भांडण झालं असतं. मग रविवार गेला असता." कमलाबाईंनी पदर सारखा केला. "त्यांना रविवार लागायचा. इकडे चाळीत नाण्यातलं बोलायला कोण होतं त्यांना?"

"मला एवढं साधं..." दाबके म्हणाले आणि थांबले. "वहिनी, मला माफ—"

"मला नका म्हणू भाऊ. माझा नव्हता तो रुपया."

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. एखाद्याला चुकीच्या दारावरून बाजूच्या दारी पाठवावं, तसं म्हणाल्या. पण बाजूच्या दारात आता कुणी नव्हतं.

"रंग परत येतो का, काका?" संघमित्रानं विचारलं.

"येतो. पण तो नाही येणार. आणि तुझ्या-माझ्या हयातीत नाही."

"आणि पेटीत?"

"नाही लागणार."

"म्हणजे जवळपास कोरं होतं, ते पण नाही?"

"नाही. धुतलेल्या नाण्याला प्रत नसते. तेव्हाही मी ती द्यायला नको होती."

तिनं ओठ घट्ट मिटले. दाबक्यांनी बरोबर आणलेलं पाकीट गुडघ्यावर ठेवून लिहिलं. अक्षर वाकडं आलं. रुपया त्यात घालून त्यांनी तिच्यापुढे धरला. तिनं मोठ्यानं वाचलं, आईला कळावं म्हणून. "धुतलेले. प्रत देता येत नाही. मूळ रंग निळा, अस्सल. धुणारा, चिं. ग. दाबके."

"बरं लिहिलंय," कमलाबाई म्हणाल्या. "संघू, चहा टाक."

संघमित्रा हलली नाही. "काका, हे मला घरात देऊन काय उपयोग? बाबांना हसले होते ते मंडळात. सगळ्यांसमोर. बाबांनी घरी येऊन तेही सांगितलं होतं, मी तेव्हा इथंच अभ्यास करत बसले होते. तुम्ही हे रविवारी तिथं वाचा."

"संघू," आई म्हणाली.

"नाही, तिचं बरोबर आहे," दाबके म्हणाले.

चहा झाला. कमलाबाईंनी सुनेत्राबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. दाबके उठले तेव्हा त्या नेहमीसारखं "जय भीम, भाऊ" म्हणाल्या. तेही "जय भीम" म्हणाले. संघमित्रा जिन्यापर्यंत आली नाही.

रविवारी वर्गात गर्दी होती. प्रदर्शन जवळ आल्यामुळे लोक पेट्यांसाठी नाणी घेऊन आले होते. दाबके बाकावर बसले नाहीत. फळ्यापाशी उभे राहिले. संघमित्रा मागे दाराशी होती, रुपया तिच्याकडे होता. तिनं पाकीट माणसांतून पुढे पाठवलं. ते हातोहात दाबक्यांपर्यंत आलं.

त्यांनी ते वाचलं. मग बाबुराव काय म्हणाले होते आणि आपण काय म्हणालो होतो, तेही जसंच्या तसं सांगितलं. गेल्या काही वर्षांत आपण लिहिलेली पाकिटं भरवशाची नाहीत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणावीत, आपण आपली सही काढून घेऊ, असंही सांगितलं. आवाज नीट लागत नव्हता. मागच्या दोघांनी "मोठ्यानं" म्हटलं, म्हणून त्यांना ते सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

कुणी हसलं नाही. हर्षवर्धन वहीत बघत होता. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "वय झालं की होतं असं, दाबके." कुणीतरी पंखा वाढवला. मग हळूहळू लोक आपापल्या नाण्यांकडे वळले. पाकीट हातोहात मागे गेलं. दाबक्यांनी दाराकडे पाहिलं, तेव्हा ते घेऊन संघमित्रा निघून गेली होती.

दाबक्यांच्या सहीचं जुनं पाकीट परत द्यायला कोणी आलं नाही. तासभर ते रिकाम्या बाकापाशी बसले. एकानं येता येता खिशावर हात ठेवला आणि तो तसाच पुढे गेला.

मंडळ सुटायच्या वेळी एक मध्यमवयीन माणूस समोर येऊन उभा राहिला. लालबागचा होता, वर्ष-दोन वर्षं येत होता. तळहातावर चांदीचा एक रुपया होता.

"काका, एवढा एक बघता का? पेटीसाठी."

"आत्ता मी काय सांगितलं ते ऐकलंत ना?"

"ऐकलं की. पण आता तर तुम्हाला क्लिअर दिसतं ना."

दाबक्यांनी रुपया कडेनं धरला. उजेडाकडे कलवला. कडेला रंगाची एक बारीक रेघ होती. ती त्यांना स्पष्ट दिसत होती.  त्यांनी रुपया त्या माणसापुढे धरला.

"तुम्हाला यात काय दिसतं, ते आधी सांगा."

"मला?" तो माणूस अवघडून हसला. "मला काय कळतंय, काका. तुम्ही म्हणाल ते."

"कडेचा रंग कुठला आहे?"

"तुम्ही सांगा ना."

दाबके वाट बघत राहिले. तो माणूसही वाट बघत राहिला. शिपाई वर्ग बंद करायला आला, तरी रुपया दोघांच्या मधे दाबक्यांच्या बोटांतच होता.